दुसऱ्या खिळ्यावरचा हार

१

महालिंगआप्पा मेले नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण जुलै २००२ मधल्या त्या रविवारी सकाळी निम्म्या गल्लीला ते गेल्याचं कळलं होतं, आणि उरलेली निम्मी गल्ली लिंगायतांच्या अंत्ययात्रेचं विमान कोण बांधून देतो याची चौकशी करत होती. स्वतः आप्पा त्या वेळी घरी शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात होते.

घोटाळा फोटोमुळे झाला. शनिवार पेठेतल्या जनसेवा वाचनालयाच्या सभागृहात संस्थेचे अध्यक्ष महालिंगआप्पा पट्टणशेट्टी यांचा फोटो आहे, आणि त्या सकाळी त्या फोटोच्या गळ्यात चंदनी हार होता. ताज्या फुलांचा हार जिवंत माणसाला कुणीही घालतो. निवडणुकीत तर नको नको म्हटलं तरी घालतात. पण फोटो आणि चंदनी हार एकत्र आले, की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच.

"सायेब, उठा," वाचनालयाचा शिपाई जोतीराम याने सयाजीराव इंगवल्यांच्या दारावर थाप मारली. "आप्पास्नी कुणीतरी भिंतीवर मारलंय."

सयाजीराव जागे होते. नुसते उठले नव्हते. उभा जन्म त्यांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून जळालेली गोदामं हुंगण्यात घालवला होता. गोदाम आपोआप जळत नाही आणि जळतं तेव्हा त्यात माल नसतो, एवढं एक सत्य त्यातून हाती लागलं, आणि वर गुडघेदुखी. निवृत्त झाल्यावर वाचनालयाने त्यांना विश्वस्त केलं. तीन विश्वस्तांपैकी दोघे वारले, म्हणून ते ज्येष्ठ विश्वस्त झाले. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या बढत्या याच पद्धतीने झाल्या होत्या.

"आप्पा जिवंत हाईत न्हवं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"हाईत की. म्हणून तर दंगा चाललाय."

सभागृहात दंगा खराच होता. दारातून शिरल्यावर उजव्या भिंतीसमोर महालिंगआप्पा काठी आपटत उभे होते. वय ऐंशीच्या पलीकडे, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात गुळाच्या अडत दुकानात कमावलेला आवाज. एका बाजूला उपाध्यक्ष कृष्णात चौगुले मिशी चावत होते. दुसऱ्या बाजूला ग्रंथपाल विद्याश्री पदराने डोळे पुसत होती.

"माझ्या मरणावर टपलेत सगळे!" आप्पा गरजले. "दाराच्या आन् कपाटाच्या किल्ल्या तिघांकडं. एक माझ्याकडं, एक ह्या उपाध्यक्षाकडं, एक ह्या पोरीकडं. कपाट फोडलेलं न्हाय. मग हार कुणी घातला? पुढच्या रविवारी सभा हाय. तंवर नाव कळलं न्हाय, तर ही पोरगी घरी जाईल."

"मीच का, आप्पा?" विद्याश्री म्हणाली.

"उपाध्यक्षाला काढायचं तर दोन तृतीयांश मतं लागतात. तुला काढायला माझी सही पुरते."

संस्थेत आजवर इतकं प्रामाणिक वाक्य कुणी बोललं नव्हतं. विद्याश्री पाच वर्षं हंगामी होती आणि ऑगस्टमध्ये कायम व्हायची होती. हुपरीहून रोज एसटीने यायची. घरी वडील चांदीच्या पैंजणांचे सांधे डाग देऊन जोडता जोडता डोळे आणि फुप्फुसं दोन्ही घालवून बसले होते. तिने सयाजीरावांकडे पाहिलं. सयाजीरावांनी छताकडे पाहिलं. असली नजर त्यांना ओळखीची होती. अपवाद म्हणून खरोखरच आपोआप जळालेल्या एखाद्या गोदामाचा मालक असा बघायचा, आणि तोच नेमका कधी आरडाओरडा करायचा नाही.

"बघतो," ते म्हणाले आणि लगेच त्यांना पश्चात्ताप झाला.

बाहेर पडताना जोतीरामने त्यांची बाही ओढली. "सायेब, एक सांगू? हार पहिल्यांदा उपाध्यक्षांनीच बघितला. मी बाहेर झाडत हुतो. आन् बघितल्यावर ते वरडलं न्हाईत."

"मग?"

"हासले."

२

या भिंतींचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण आप्पांनी तो कधीच थोडक्यात सांगितला नाही.

१९७७ साली देशाचे राष्ट्रपती पदावर असताना वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती काही महिने राष्ट्रपतींचं काम पाहू लागले. जत्ती सीमेपलीकडचे, शिकायला कोल्हापुरात होते, आणि लिंगायत. आप्पांच्या दृष्टीने देशाचा कारभार प्रथमच योग्य हाती गेला. त्या आनंदात त्यांनी सभागृह बांधायला देणगी दिली, देशाची घटना समोर ठेवून संस्थेची घटना लिहिली, आणि एकाच कारागिराकडून ठोकभावात एका मापाच्या लाकडी चौकटी करून घेतल्या. डाव्या भिंतीवर राष्ट्रपती, उजव्या भिंतीवर उपराष्ट्रपती.

जत्ती अर्थातच उजवीकडे लागले. आप्पांचं समाधान झालं नाही. "पाच महिने राष्ट्रपतीच्या खुर्चीवर बसलेत, मग डाव्या भितीवर का न्हाईत?" म्हणून त्यांनी जत्तींचा दुसरा फोटो डावीकडेही लावला. तेव्हा कुणीतरी म्हणालं की हाच न्याय लावायचा, तर १९६९ साली राष्ट्रपती वारले, काम पाहणारे उपराष्ट्रपती निवडणूक लढवायला राजीनामा देऊन मोकळे झाले, आणि खुर्ची रिकामी पडली म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर तिच्यावर बसले; मग त्यांचाही फोटो डावीकडे हवा. तोही लागला. पुढे ते उपराष्ट्रपती झाले, म्हणून उजवीकडेही. अशा रीतीने डावी भिंत भरून गेली.

सगळ्या भिंतीत सयाजीरावांचा जीव होता तो एकट्या हिदायतुल्लांच्या फोटोवर. बोलावल्यावर आले, महिनाभर बसले, उठले. थकलेल्या माणसाला एवढा आदर्श पुरेसा असतो.

उजव्या भिंतीच्या सुरुवातीला, दाराला लागून, पहिल्या खिळ्यावर आप्पांनी स्वतःचा फोटो लावला होता, येणाऱ्याची पहिली नजर पडावी म्हणून. शेजारी दुसऱ्या खिळ्यावर चालू उपराष्ट्रपती.

वारलेल्यांना चंदनी हार, हयात असलेल्यांना नाही, असा नियम. हार घालण्याचा मान घटनेनुसार अध्यक्षांचा. हा मानच भांडणाचं मूळ होता. जूनमध्ये जत्ती वारले तेव्हा कृष्णातराव म्हणाले, "डावी भित तुमची, उजवी माझी. उपाला उपच हार घालणार." दोघांनी एकाच वेळी हात पुढे केले आणि हार तुटला. आप्पा त्या दिवशी आपल्या माणसासाठी रडले, आणि कृष्णातरावांशी बोलायचे बंद झाले.

आता शनिवारी, म्हणजे हा प्रकार उघड होण्याच्या आदल्या दिवशी, उपराष्ट्रपती कृष्णकांत दिल्लीत वारले. नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी होऊन दोनच दिवस झाले होते. बातमी कळताच आप्पांनी फोन करून वाचनालय दुपारपासून दुखवट्यासाठी बंद करायला लावलं. रविवारी सकाळी ते उघडलं, तेव्हा देशाचे उपराष्ट्रपती हारावाचून होते, आणि हार आप्पांच्या गळ्यात होता.

३

कृष्णातराव बिद्रीकडचे ऊसवाले. मुलाकडे शेती सोपवून शहरात घर बांधून राहिलेले. सयाजीरावांनी त्यांना गाठलं तेव्हा ते अंगणात म्हशीची धार काढत होते; शहरात आले तरी म्हैस सोडली नव्हती.

"हासलो," ते म्हणाले. "मग काय रडू? बावीस वर्षं मी उपाध्यक्ष हाय, सयाजीराव. बावीस वर्षं! पोरं थट्टा करत्यात. मी म्हणायचो, दिल्लीकडं बघा. एक उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाला, त्याच्या मागनं दुसरा झाला, तिसरा झाला. ओळीनं तीन! उप म्हणजे पायरी असती, मर्दा. आन् ह्या वर्षी काय झालं? चौथ्याला सोडून भायरचा माणूस आणला. माणूस लई मोठा, त्याला माझा नमस्कार. पण पायरी मोडली की. आन् दोन दिवसांत तो बिचारा गेलासुद्धा." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलं, आपलंबी असंच व्हणार."

"म्हणून आप्पांना हार घातला?"

"खुळा हाय का मी? मेल्याशिवाय खुर्ची रिकामी न्हाय व्हत. फोटोला हार घालून माणूस मरत असता तर..." वाक्य त्यांनी शहाणपणाने अर्धं सोडलं. "आन् खुर्ची रिकामी झाली तरी मला काय? त्यानं घटनेत कलम घुसडलंय, हंगामी अध्यक्षाला निवडणूक लढवता येणार न्हाय म्हणून. कुणासाठी घातलं ते? ह्या कृष्णातासाठी!"

"शनिवारी दुपारी कुठं होता?"

"बिद्रीला गेलतो. मेव्हण्याच्या नातवाचं बारसं. रातीच्या गाडीनं आलो. किल्ली कमरेला हुती. सकाळी उपराष्ट्रपतींना हार घालायला म्हणून गेलो, तर हे दर्शन."

सयाजीरावांनी दोन फोन केले. बारशाला आलेल्या प्रत्येकाला कृष्णातराव आठवत होते, कारण त्यांनी पाळण्यापाशी उभं राहून पुढच्या राष्ट्रपतींविषयी भाषण केलं होतं आणि पोर रडायला लागलं होतं.

म्हणजे कृष्णातराव सुटले, आणि ते सुटल्यामुळे विद्याश्री अडकली. ती शनिवारी दुपारी कुलूप लावून हुपरीच्या एसटीत बसली होती म्हणे. पण मागे फिरून हार घालून नंतरची गाडी पकडली नाही, हे कोण सांगणार?

तीन किल्ल्या. एक बारशाला. एक विद्याश्रीच्या पिशवीत. आणि तिसरी खुद्द मयताच्या कनवटीला.

४

सोमवारी सयाजीराव आप्पांच्या घरी गेले. भांडण मिटलं तर काम निम्मं होईल म्हणून त्यांनी कृष्णातरावांनाही ओढत नेलं.

"मी बोलणार न्हाय," कृष्णातरावांनी चपला काढता काढता बजावलं. "नुसता हुबा ऱ्हाईन. त्यानं या म्हटलं तर बोलीन."

आप्पांच्या पत्नी शांतव्वा दारातच होत्या. "बर्री, बर्री. बसा," त्यांनी दोघांना आत घेतलं. जन्म बेळगावकडचा, त्यामुळे स्वागताला पहिल्यांदा कानडीच यायचं.

आप्पा पलंगावर बसले होते. सयाजीराव जवळ जाऊन बसले. कृष्णातराव समोर, चार हातांवर, भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून.

"आप्पा, मी सयाजी. बरं वाटतंय का?"

"मेलेल्या माणसाला काय वाटणार?" आप्पांनी सुरुवात केली. "सयाजीराव, मला ठावं हाय कुणाचं काम हाय. तो कृष्णा! चोर! बावीस वर्षं माझ्या खुर्चीच्या पायाला हुंगत बसलाय. त्याचं तोंड माझ्या डोळ्यांम्होरं नको मला."

कृष्णातरावांचा चेहरा विटेसारखा लाल झाला. सयाजीरावांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. शांतव्वा चहा घेऊन आल्या होत्या, त्या जागीच थबकल्या.

"आप्पा, जरा..." सयाजीराव म्हणाले.

"काय जरा? माणूस म्हणायचा का त्याला? गेलेल्या उपराष्ट्रपतींच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घालतोय! त्या मयताची तरी लाज वाटायला पायजे हुती."

शांतव्वांनी कप आप्पांच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवून. "गरम हाय. खारी बिस्कीट उजव्या अंगाला." मग एक कप मुकाट्याने कृष्णातरावांसमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही. पाय आपटत बाहेर गेले.

"कोण गेलं?" आप्पांनी विचारलं.

"मांजर," शांतव्वा म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर कृष्णातराव चपला पायात सरकवत होते. "तोंडावर! म्हाताऱ्यानं तोंडावर शिव्या घातल्या. वर शांतव्वांनी मला मांजर म्हटलं. मी म्हणून गप ऱ्हायलो."

"तेच म्हणतोय मी," सयाजीराव म्हणाले. "फारच तोंडावर घातल्या."

ते घरी जाऊन पडले. झोप येत होती आणि येत नव्हती. जळालेल्या गोदामात नेहमी एक गोष्ट अशी असायची, की मालकाला ती माहीत असायला नको होती आणि असायची. इथेही तसं काहीतरी होतं, आणि ते चहाबरोबर येऊन चहाबरोबरच गेलं होतं.

५

"कपाटात हार किती होते?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्याश्रीला विचारलं.

"जूननंतर दोन उरले होते. आता एक आहे. आप्पांच्या फोटोवरचा त्यांनी त्याच दिवशी फेकून द्यायला लावला."

"म्हणजे आप्पांच्या गळ्यातला कपाटातूनच आला. मधे कुठल्या फोटोला घातलेला कुणी बघितला का?"

"कसा बघणार, काका? दुपारपासून कुलूप होतं. सकाळी उघडलं तेव्हा तो आप्पांच्याच गळ्यात होता."

सयाजीराव खुर्चीवर टेकले. आप्पा म्हणाले होते, उपराष्ट्रपतींच्या गळ्यातला हार काढून. उपराष्ट्रपतींच्या गळ्यात हार होता, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. ज्याने घातला असेल, तो सोडून.

"विद्याश्री, ह्या भिंतीत गेल्या काही दिवसांत काही बदललंय?"

तिचा चेहरा उतरला. "ओरडणार नाही ना? गुरुवारी नव्या राष्ट्रपतींच्या फोटोचं अनावरण झालं, तेव्हा फोटो व्यासपीठावर खुर्चीत ठेवला होता. आप्पांनी दोरी ओढली, भाषण केलं, घरी गेले. संध्याकाळी लावायला घेतला तर डावीकडे जागाच नाही. मग मी विचार केला, देशाचा पहिला नागरिक, दाराशी पहिल्या खिळ्यावर असावा. म्हणून जोतीराममामांनी उजवीकडचे सगळे फोटो एकेक खिळा पुढे सरकवले. शेवटच्यासाठी नवा खिळा ठोकला."

"आणि आप्पा?"

"पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले. मला वाटलं, बघितलं की माझं काही खरं नाही. मी सांगितलंच नाही त्यांना. पण रविवारी एवढे भिंतीसमोर उभे राहून ओरडले, त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मोठ्या मनाने सोडून दिलं."

सयाजीरावांनी आप्पांना चाळीस वर्षं ओळखलं होतं. चौकट दोन बोटं तिरकी झाली म्हणून या माणसाने एकदा सभा तहकूब केली होती. त्याचं मन मोठं होण्यापेक्षा दुसरं कुठलंही स्पष्टीकरण जास्त पटण्यासारखं होतं.

आणि ते होतंही. ते कळलं तेव्हा सयाजीरावांना आनंद झाला नाही. पूर्वीही कधी व्हायचा नाही. सत्य सापडलं, की ते कुणाला तरी जाऊन सांगावं लागतं, आणि तो रस्ता नेहमी चढाचा असतो.

६

सभेच्या आदल्या शनिवारी दुपारी, वाचनालय बंद असताना, त्यांनी आप्पांना सभागृहात आणलं. गल्लीतलं ते अंतर आप्पा रुबाबात चालले. पंचवीस वर्षांचा रस्ता पायांनाच पाठ होता.

"गुन्हेगार सापडला?" आप्पांनी विचारलं.

"सापडंल. त्याआधी एक काम राहिलंय. उपराष्ट्रपतींना हार घालायचा राहिला की. मान तुमचा."

आप्पांचा चेहरा खुलला. "आण हिकडं."

सयाजीरावांनी कपाटातला शेवटचा हार त्यांच्या हातात दिला. आप्पा दाराशी गेले. डावा हात भिंतीला लावला. पहिली चौकट बोटांनी चाचपली, सोडली. दुसरी चाचपली. काठी बगलेत धरून, टाचा उंचावून, त्यांनी हार चौकटीवर चढवला, दोन्ही बाजू सारख्या केल्या, गोंडा मधोमध आणला, आणि हात जोडले. रविवारी कुणीतरी घातला होता तसाच, जरासुद्धा तिरका नाही.

"कुणाला घातला, आप्पा?"

"हे काय विचारणं? उपराष्ट्रपतींना. दुसरा खिळा."

"आप्पा," सयाजीराव हळूच म्हणाले, "ते तुम्ही हाय."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आप्पांचा हात पुन्हा वर गेला, काचेवरून फिरला. काचेवरून हाताला चेहरा कळत नाही.

"हार कुणी हलवलाच नव्हता," सयाजीराव म्हणाले. "गुरुवारी खिळा हलला. नवे राष्ट्रपती पहिल्यावर आले, तुम्ही दुसऱ्यावर गेला. कृष्णातरावांच्या आधी मान घ्यायचा म्हणून शनिवारी वाचनालय बंद करायला लावलंत, आणि एकटे आलात. सवयीनं दुसऱ्या चौकटीला हार घातलात. रविवारी लोक म्हणाले की हार तुमच्या गळ्यात हाय. तुम्हाला वाटलं कुणीतरी काढून घातला. उपराष्ट्रपतींच्या गळ्यातला काढला, हे तुम्हीच मला सांगितलंत."

"आन् तुला कशावरनं वाटलं, की मला..."

"सोमवारी तुम्ही कृष्णातरावांना शिव्या देत होता, तेव्हा ते तुमच्या समोर चार हातांवर उभे होते."

"मांजर न्हवतं?"

"न्हवतं."

आप्पांनी चौकटीवरचा हार काढला आणि तो हातात घेऊन खाली बसले. "काचबिंदू," ते म्हणाले. "मिरजेच्या डॉक्टरनं दोन वर्षांमागं सांगितलं, गेलेली नजर परत येणार न्हाय. हिला तेवढं ठावं. कृष्णाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसला असता."

"दुसऱ्या दिवशी कशाला? बावीस वर्षं बसला न्हाई."

आप्पांनी मांडीवरच्या हाराचा गोंडा सरळ केला.

"उद्या सभा हाय, आप्पा. तुम्ही सही केली की त्या पोरीची नोकरी जाईल. तिनं काय केलं? देशाचा राष्ट्रपती पहिल्या खिळ्यावर लावला."

"चूक न्हवती तिची," आप्पा म्हणाले. "मीच पहिल्या खिळ्यावर कशाला बसलो हुतो, कुणास ठावं. सयाजीराव, तू सांगणार का मी?"

"मी दमलोय," सयाजीराव म्हणाले.

७

रविवारी सभेला झाडून सगळे आले. आप्पा काठीवर उभे राहिले.

"माझ्या फोटोला हार घातला तो मी. माझ्याच हातानं. ह्या पोरीचा काय संबंध न्हाय, आन् कृष्णाचाबी न्हाय. मी अध्यक्षपद सोडतोय."

 मग मागच्या बाकावरून गुंडू मास्तर उठले, निवृत्त मुख्याध्यापक, डोळे भरून आलेले. "केवढा हा त्याग! जिवंतपणी स्वतःच्या हाताने स्वतःला हार घालून खुर्ची सोडली! दिल्लीत कुणी असं केलं आहे का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "त्याग न्हाय रे! मला दिसत न्हाय, दिसत न्हाय!" आप्पा ओरडत होते. प्रत्येक ओरडीला टाळ्या वाढत होत्या. लोकांना वाटलं, आप्पांना यापुढे संस्थेचं भवितव्य दिसत नाही.

ऐकलं फक्त एकाने, कारण तो शेजारीच बसला होता. कृष्णातराव मान वळवून आप्पांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी टाळ्या वाजवणारे हात थांबवले आणि आप्पांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

"मांजराशी बोलणार का?" ते कानाशी म्हणाले.

घटनेनुसार हंगामी अध्यक्षपद कृष्णातरावांकडे आलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, आप्पांच्या कलमाचा विचार केला आणि जागच्या जागी उपाध्यक्षपदाचाही राजीनामा दिला. "मला हंगामी नको. निवडून यायचं हाय." दोन्ही पदं रिकामी झाली, तर खुर्ची ज्येष्ठ विश्वस्ताकडे जाते, असं आप्पांनी १९७७ साली देशाकडे बघून लिहून ठेवलं होतं. सगळी सभा सयाजीरावांकडे वळली. सयाजीराव डाव्या भिंतीवरच्या हिदायतुल्लांकडे बघत होते. त्यांनी काही मदत केली नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी एकच सही केली, विद्याश्रीला कायम करण्याची. ती कागद पिशवीत घालून हुपरीच्या गाडीला पळाली, आणि धावता धावता चपलेचा अंगठा तुटला तरी थांबली नाही. दुसरं काही काम त्यांनी केलं नाही. महिन्याभरात निवडणूक झाली, कृष्णातराव बिनविरोध आले, आणि सयाजीराव खुर्चीतून उठले. उठताना गुडघे वाजले, पण चेहऱ्यावर पोराला शाळा सुटल्यासारखा भाव होता.

त्याच संध्याकाळी कृष्णातराव आप्पांचा हात धरून त्यांना सभागृहात घेऊन आले. वाटेत दोघांचं भांडण चालू होतं, नव्या अध्यक्षाचा फोटो कितव्या खिळ्यावर लावायचा याबद्दल. दाराशी येताच आप्पांनी हात सोडवून घेतला. भिंत चाचपली. एक. दोन. दुसऱ्या चौकटीवरून त्यांची बोटं हळूहळू फिरली, वरून खाली, कडेने, खालच्या कोपऱ्यापर्यंत. नुसतं लाकूड आणि काच. हार कुठेच लागला नाही.

"हाय म्हणायचा मी अजून," आप्पा म्हणाले, आणि कृष्णातरावांचा हात पुन्हा शोधू लागले.